विटांवरचा पलंग

मी एक जुना लाकडी पलंग आहे. समुद्राकाठच्या घरात एका सुताराने मला आपल्या बायकोसाठी बनवलं. आतल्या खोलीतच जोडलं, त्यामुळे दाराबाहेर मी कधी पडलोच नाही. शेजारी मुद्दाम बघायला येत. सुतार नुसता हसायचा.

मित्रांनो, पुढे सुतार गेला. मग मोठ्या भरतीचं पाणी घरात शिरू लागलं. मुलाने माझ्या चारी पायांखाली एकेक वीट ठेवली आणि हात झटकले. पुढच्या वर्षी दुसरी, मग तिसरी. माझे पाय खाऱ्या पाण्यात फुगत, वाळत. हळूहळू मला काही जाणवेनासं झालं. घरातल्यांचंही तसंच. पाणी आलं की सून चपला उचलून माझ्यावर ठेवी आणि पुन्हा भाजी चिरायला बसे.

एकदा नगरपालिकेची मोजणीवाली बाई आली. तिने भिंतीवर छातीएवढ्या उंचीला लाल रेघ ओढली.

"समुद्र इथवर येणार. आज नाही, पण येणार. वरच्या माळावर तुम्हाला जागा दिलीय. पावसाळ्याआधी हला."

"आणखी एक वीट लावू की," मुलगा म्हणाला.

"आणि मला चढायला शिडी लाव," म्हातारी आई म्हणाली. "वर्ष झालं, मी खाली ओल्या जमिनीवर झोपतेय. पलंग तेवढा कोरडा आहे तुझा!"

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वर्षभर माझ्यावर फक्त गाद्या आणि चपला होत्या.

"मग चल ना माळावर," मुलगा म्हणाला.

"पलंग घेऊन. नाहीतर मी इथेच बरी."

मुलाने आणि सुनेने मला आडवा केला, उभा केला. पाय दारात अडकत होते.

"काप पाय," आई म्हणाली.

"अगं, बाबांनी केलेला आहे."

"मला झोपायला केलाय त्यांनी. काप."

त्याने बापाचीच करवत घेतली. दुखलं नाही. खालचं लाकूड कधीच बधिर झालं होतं.

आता मी माळावर आहे, बुटका. पहिल्या दिवशी आई माझ्यावर बसली, तिचे पाय जमिनीला टेकले. कोरड्या फरशीवर ती कितीतरी वेळ तळवे घासत होती.

मित्रांनो, घरात पाणी आलं तर पलंगाखाली वीट जरूर ठेवा. पण दुसरी ठेवण्याआधी, त्यावर झोपणारं माणूस कुठे झोपतंय, तेवढं बघा.