खिळ्यावरचे कासव

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बिल्ला आहे. तळहाताएवढा, कासवाच्या आकाराचा, गळ्यात अडकवायला दोरी असलेला. आपली कहाणी सांगावी इतका मी कुणी मोठा नाही. नीट सांगता येईल की नाही, याचीही धास्तीच आहे. पण परवा मला नवा रंग दिला, आणि तेव्हापासून गप्प राहवत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. कपाटाच्या दारातून उरलेला तुकडा होतो मी. एरवी जळणातच जायचा. त्या सुताराची मुलगी शाळेत शिकवत असे. ज्या मुलांना वाचन लवकर जमत नाही, त्यांना रोज थोडा वेळ वर्गातून बाजूला घेऊन शिकवायचे, हे तिचे काम. व्हरांड्याच्या टोकाला तिची छोटीशी खोली होती. तास चालू असताना गळ्यात बिल्ला असल्याशिवाय कुणी व्हरांड्यात दिसायचे नाही, असा शाळेचा नियम होता. म्हणून तिने मला करवून घेतले.

"कासवच का गं?" सुताराने विचारले.

"बाबा, शर्यत शेवटी कोण जिंकतं?"

"कासव!" म्हातारा खूश होऊन हसला. कुणाच्या मानेला टोचू नये म्हणून त्याने माझ्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. त्या दोघांच्या मनात माझ्याविषयी नुसती माया होती. मुलांच्या लक्षात मात्र त्या गोष्टीचा शेवट राहिला नव्हता, सुरुवात राहिली होती.

तिसरीच्या वर्गात फळ्याशेजारी खिळा ठोकून मला टांगले. खिळा रिकामा दिसला, की मूल खोलीत गेले असे समजायचे. सोपी पद्धत. मोठ्या बाईंनी पाहुण्यांना मुद्दाम नेऊन मला दाखवले. पाहुणे म्हणाले, "वा, काय कल्पना आहे!" तेव्हा मीही थोडा फुगलो असेन.

त्या वर्षी तिसरीतून खोलीत जाणारी एकटी बिट्टी होती. हे तिचे घरचे नाव. 'घ' आणि 'ध' तिच्या डोळ्यांसमोर एकमेकांच्या जागा पळवत. पण खोलीत आली, की ती मला मुठीत धरायची आणि माझ्या पाठीवर अंगठा फिरवत एकेक अक्षर पकडायची. पाठीवरचा रंग तिथे पार उडाला.

"एवढी घाई कशाला करतेस?" एकदा सुताराच्या मुलीने, म्हणजे खोलीतल्या बाईंनी विचारले.

"बाई, पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण पहिलीत येणार. मी तिला रोज गोष्ट वाचून दाखवते. पण खोटीच. पुस्तकात काय असतं कुणास ठाऊक, मी आपली हत्तीची सांगते."

"मग काय झालं?"

"तिला वाचता आलं, की कळेल ना. मग ती मला ताई म्हणेल का?"

 बाईंनी पुस्तक पुढे सरकवले. वर्ष संपता संपता बिट्टीने एक अख्खे पान कुठेही न अडखळता वाचले. माझ्या आयुष्यातला तो एवढाच चांगला दिवस.

वर्गावरच्या बाई वाईट नव्हत्या. कामाच्या रगाड्यात त्या एकदा बिट्टीला सहज लाडाने म्हणून गेल्या, "जा गं कासवा, वेळ झाली." झाले! वर्गाला तेवढेच हवे होते. तेव्हापासून बिट्टी उठली, की मॉनिटर हात पसरून उभा राहायचा. "बाजूला व्हा रे, कासव निघालंय! सुट्टी होईपर्यंत दाराशी पोचेल."

"ए कासवा, मान आत घाल ना!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचे.

आणि बिट्टी खरेच मान आत घ्यायची.

त्याच सुमारास शाळेत 'चिडवाचिडवी बंद' सप्ताह झाला. भिंतीभिंतीवर चित्रे लागली. सगळ्यांनी शपथ घेतली. शपथ सांगायला मॉनिटरला उभे केले होते, कारण त्याचा आवाज खणखणीत होता.

बिट्टी चौथीत गेली, तसा मीही चौथीच्या खिळ्यावर गेलो. धाकटी पहिलीत आली. एके दिवशी पहिलीची रांग पाणी प्यायला निघाली होती आणि समोरून बिट्टी येत होती. धाकटीने रांग सोडून उडीच मारली. "माझी ताई! बघा, माझ्या ताईकडे कासव आहे! तुमच्याकडे आहे का?"

व्हरांडा हसला. चौथीच्या खिडकीतून मॉनिटर म्हणाला, "अगं, तुझी ताईच कासव आहे. तिला कुठे वाचता येतं!"

धाकटीने ताईकडे पाहिले. "ताई, येतं ना तुला?"

बिट्टीने मला झग्याच्या आत सारले. ती खोलीत गेली नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात, शेवटच्या दारामागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मग रोजच. खिळा रिकामा दिसे, म्हणून वर्गावरच्या बाईंना वाटे, ती खोलीत आहे. ती येत नाही, म्हणून खोलीतल्या बाईंना वाटे, परीक्षेच्या तयारीसाठी तिला वर्गात थांबवून घेतले असेल. दोघींच्या मध्ये एक व्हरांडा होता. तो ओलांडून कुणी विचारायला गेले नाही. ती कुठे आहे ते मला ठाऊक होते. मी तिच्या मुठीत होतो. पण लाकडाला कुठले तोंड!

परीक्षेत बिट्टीचा कागद कोरा आला, तेव्हा सगळे उघडकीला आले. तिची आई मोठ्या बाईंच्या खोलीत उभी राहिली. तिचा आवाजही चढला नाही. तिने एवढेच विचारले, "मग इतके दिवस माझी पोर बसत कुठे होती?"

 बिट्टीने मला टेबलावर ठेवले आणि ती आईचा पदर धरून निघून गेली. दोघी बहिणी पुन्हा त्या शाळेत आल्या नाहीत. बिट्टी पुढे वाचायला शिकली का, मला माहीत नाही. चांगले काही घडले असेल असे म्हणावेसे वाटते, पण तसे म्हणायला माझ्यापाशी आधार नाही.

खोलीतल्या बाईंनी मला खणात ठेवले. त्या पुष्कळ रडल्या. पुढे त्याही गेल्या. मी धूळ खात पडून राहिलो, आणि खरे सांगू, मला तिथे बरे वाटत होते.

मग परवा खण उघडला. नव्या बाई आल्या आहेत, हसऱ्या, कामसू. "अय्या, किती गोड कासव!" त्या म्हणाल्या. त्यांनी मला हिरवा रंग दिला. अंगठ्याने झिजलेली ती जागाही रंगून गेली. त्यांना काय माहीत.

मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी आहे. वर्गातला खिळा रिकामा दिसला, तर कुणीतरी उठा. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जा आणि ते मूल पोचले का, बघून या. हाक मारायची तर त्याच्या नावाने मारा. तुम्ही जाल की नाही, मला सांगता येत नाही. आजवर कुणी गेलेले मी पाहिलेले नाही.

माझी दोरी नवी आहे. आज सकाळी ती एका लहानग्या गळ्यात पडली. मागच्या बाकावर कुणीतरी हसले, आणि ती मान आत गेली.