पाळणाघराचा भोंगा

मित्रांनो, समोर दिसतो तो जुना भोंगा मीच. हातात धरून बोलायचा, खांद्याला अडकवायला पट्टा असलेला. मला स्वतःचं मत नाही. या एकाच गुणावर माझ्या कितीतरी भाऊबंदांनी सार्वजनिक जीवनात नाव काढलं. मी मात्र बायकांच्या हाती लागलो आणि कष्टाला जुंपला गेलो.

माझा जन्म कारखान्यातला. एका कामगाराने मला तोंडाशी धरून ‘हॅलो, हॅलो’ म्हटलं, त्याला ऐकू आलं आणि मी पास झालो. इतकी सोपी परीक्षा नंतर कधी वाट्याला आली नाही. दुकानातून मला घेऊन गेली ती इस्त्रीवाली मावशी. दुकानदाराने विचारलं, “काय विकणार, मावशी?”

“विकायचं काही नाही. भांडायचंय,” मावशी म्हणाली.

मावशीच्या वस्तीतल्या बायका उजाडायच्या आत कामाला निघत. कुणी हॉटेलात भांडी घासायला, कुणी दवाखान्यात फरशी पुसायला, कुणी शिलाईच्या कारखान्यात. त्यांची तान्ही पोरं नळाशेजारच्या एका खोलीत राहत. खोली सरकारी. ती उंदरांची होती तोवर कार्यालयाला तिची आठवण नव्हती. बायकांनी उंदीर हाकलले, भिंती रंगवल्या, पाळणे टांगले, पोरांजवळ थांबायच्या पाळ्या लावल्या; आणि मग कार्यालयाला खोलीची फार निकड भासू लागली. अधूनमधून कुणीतरी कुलूप घेऊन येई.

तेव्हा माझं काम सुरू होई. मावशीने घरोघरी फिरून सगळ्यांना एकच शिकवलं होतं, “भोंगा ऐकू आला की आधी या, मग विचारा.” बायका तशाच येत. कुणाचे हात पिठाचे, कुणाची अर्धी वेणी घातलेली. एवढ्या बायका बघून कुलूपवाला पत्ता चुकल्याचं सांगून परत जाई.

दुसरा नियम असा, की मी एका हातात थांबायचं नाही. एकीने एक वाक्य बोलायचं आणि मला पुढे द्यायचं. कार्यालयातले साहेब विचारत, “तुमची पुढारी कोण?”

“आत्ता जिच्या हातात भोंगा आहे, ती.”

साहेब तिच्याकडे वळेपर्यंत मी चौथ्या हातात असे. साहेबांची मान दुखायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. पावसात भिजलो तर मावशी मला इस्त्रीच्या उबेला ठेवी, आणि शिलाईवाली मला मऊ फडक्याने पुसून देई.

मग साहेबांना युक्ती सुचली. “एवढ्या जणी माझ्या खोलीत मावत नाहीत,” ते म्हणाले. “बोलणी करायला एकीला पाठवा.” बायकांनी मावशीच्या धाकट्या जावेला निवडलं. तिचा आवाज खणखणीत. लग्न होऊन आली तेव्हा मावशीनेच तिला मला धरायला शिकवलं होतं. “तोंडाला चिकटवू नकोस गं. त्याला खायचं नाहीये.”

धाकटी जाऊ कार्यालयात जाऊ लागली. आधी ती उभ्याने बोलून येई. मग तिला खुर्ची मिळाली, मग चहा, मग बिस्किटं. घरी आल्यावर तिचं प्रत्येक बोलणं ‘साहेब म्हणतात’ने सुरू होऊ लागलं. “भोंगा माझ्याकडेच राहू दे, ताई. सारखं मागायला कशाला यायचं?” असं म्हणून तिने मला आपल्या घरी नेलं. मावशी म्हणाली, “ने की. घर का वेगळं आहे?”

एका सकाळी धाकटीने मला हातात घेतलं. “बायांनो, खोली आपली झाली! सगळ्या मैदानावर या. साहेब सत्कार करणार आहेत. पोरांनाही आणा, फोटो काढायचाय.”

आवाज ओळखीचा होता. सगळ्या आधी आल्या, विचारायचं नंतरवर ठेवून. पाळीवर असलेली बाईसुद्धा कडेवर दोन पोरं घेऊन आली. मावशीला पहिल्या रांगेत बसवलं, हातात गुलाबाचं फूल दिलं. साहेब स्त्रियांच्या शक्तीबद्दल बोलू लागले ते थांबेचनात. मावशी शिलाईवालीला हळूच म्हणाली, “हा माणूस कशाची तरी वाट बघतोय.”

मावशी परतली तेव्हा पाळणे रस्त्यावर होते. गोधड्या नळाखाली भिजत होत्या. दाराला नवं कुलूप होतं आणि वर नवी पाटी : महिला सल्ला केंद्र. खाली, सल्लागार म्हणून, धाकट्या जावेचं नाव.

“पोरं कुठे ठेवायची?” मावशीने विचारलं.

“जरा मोठा विचार करा, ताई. आता आपलं माणूस आत आहे.”

“तू आत आहेस. पोरं बाहेर आहेत.”

“मग तसा अर्ज द्या ना. मी स्वतः लक्ष घालीन.”

दवाखान्यातली बाई पोरीला बरोबर नेऊ लागली, म्हणून तिला कामावरून काढलं. शिलाईवाली घरी बसली. मी केंद्रातल्या खिळ्यावर लटकत राहिलो. ‘रांगेत या’ आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ ही दोन वाक्यं मला दिवसभर बोलावी लागत.

शेवटी मावशी केंद्रात आली. “खोली नाही तर नाही, भोंगा तरी दे. तो आमचा आहे.” पाहुणे बसले होते, म्हणून धाकटीने मोठ्या मनाने मला देऊन टाकलं.

मावशी नळापाशी उभी राहिली. “बायांनो, चला. खोली परत घ्यायचीय.” माझा आवाज तोच होता, बोलणं खरं होतं. एक खिडकी उघडली आणि मिटली. शिलाईवाली दाराआडून म्हणाली, “मागच्या वेळी आले होते, मावशी.”

मावशीने माझं बटण बंद केलं. मला पाठीला अडकवलं आणि ती दारोदार निघाली.

मित्रांनो, तुमच्याकडे भोंगा असेल तर त्याला पावसात भिजवू नका. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. आणि तो कुणाच्या घरी ठेवायला देत असाल, तर ते घर आपलं असलं तरी मधूनमधून जाऊन बघत चला. आम्हाला कुणीही हातात धरलं तरी आमचा आवाज तोच येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं माणूसही तेच आहे.

आत्ता मी मावशीच्या पाठीवर आहे. तिने पहिलं दार वाजवलंय. आतून विचारतात, “कोण आहे?”

या वस्तीत मावशीला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं.