मोजणीच्या दिवशी ईद

"अर्लीनआपा, वेड लागलंय का तुम्हाला? ईदच्या दिवशी कुणी पोरं शाळेत धाडतं?" रोकेयाने दार अर्धंच उघडलं. आतून तुपात शेवया भाजल्याचा वास येत होता.

"तासभर गं बाई! नमाज उरकला की आण. बाईंनी नाव पुकारलं, पोराने 'हजर' म्हटलं की घेऊन जा. उद्या सरकारी मोजणी. वर्गात जेवढी डोकी, तेवढाच शाळेला पैसा. कमी भरली तर कुलूप लावतील."

"ईद आहे हे वरच्यांना ठाऊक नव्हतं?"

"त्यांच्या कॅलेंडरात नाताळ तेवढा असतो, माये!"

डेट्रॉइटच्या त्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात अर्लीनचा जन्म गेला होता. ती लागली तेव्हा उरलीसुरली पोलिश मुलं कोबीसाठी ताट पुढे करायची. मग मोटारीच्या कारखान्यांत राबणाऱ्या, तिच्यासारख्याच काळ्या कुटुंबांतली पोरं आली. जेवणाच्या दालनात पाय ठेवायला जागा नसे. कारखाने बसले, घरं ओस पडली, बाकं रिकामी झाली. त्या बाकांवर बंगाली मुसलमानांची मुलं येऊन बसली, तेव्हा अर्लीनने घेवड्यात डुकराचं हाडूक घालायची आजीची रीत मुकाट्याने सोडून दिली.

मोजणीला पोरं हमखास यावीत म्हणून ती दरवर्षी पीचच्या फोडींवर पीठ थापून भाजलेलं गोड कॉबलर करी. त्या सकाळीही देवाचं नाव घेऊन तिने परात भट्टीत सरकवली. पण न्याहारीची घंटा झाली तरी दालन निम्मं रिकामंच.

"मिस अर्लीन, आज दोन-दोनदा वाढ!" तिसरीतला डिमेट्रियस ओरडला.

"गप रे खादाडा! पाहुणे यायचेत अजून."

थोड्या वेळाने दार उघडलं. जरीचे कुर्ते, मेंदीचे हात. पुढे रोकेया, मागे अख्खी गल्ली.

"तुमच्यापायी सासूच्या शिव्या खाल्ल्या मी," म्हणत तिने शेवयांचं पातेलं टेबलावर आदळलं.

वर्गावर्गांतून 'हजर', 'हजर' ऐकू येऊ लागलं. अर्लीन हातात डाव तसाच धरून जिन्याशी ऐकत उभी राहिली. शाळा इतकी भरलेली तिने कैक वर्षांत ऐकली नव्हती.

डोकी पुरली. तरी उन्हाळ्यात शाळा बंद झालीच. छत दुरुस्त करणं परवडत नाही, वरचे म्हणाले.

शेवटच्या दिवशी ट्रकवाले बाकं घेऊन गेल्यावर अर्लीन निघाली. दाराशी लहानग्यांसाठी अगदी खाली बसवलेला पाण्याचा नळ होता. इतक्या वर्षांत तिने त्याचं पाणी कधी चाखलं नव्हतं. भिंतीला धरून ती गुडघ्यावर बसली, मुलं लावतात तसं तोंड लावून प्याली, आणि उठताना अ‍ॅप्रनच्या टोकाने नळाचं तोंड पुसून ठेवलं.