गोदीचा तळ

बंदरातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांना सगळे मास्तरच म्हणत. गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, हे कुठल्यातरी शाळेत गणित शिकवत असणार. खरं तर ते जुन्या गोदीचे डॉकमास्तर. भरती आली की गोदीचे दरवाजे उघडायचे, जहाज आत घ्यायचं, पाणी उतरायच्या आत दरवाजे बंद करायचे. बावीस वर्षं हेच केलं. मुलगा जन्मला तेव्हाही ते दरवाजावरच होते. बायको त्या गोदीला उघड उघड सवत म्हणे.

आणि आता तीच गोदी बुजवायचं काम त्यांच्या सुनेकडे आलं होतं.

सून बंदराच्या विस्ताराची मुख्य इंजिनिअर. नवी जहाजं साडेतीनशे मीटर लांब. गोदीच्या दरवाजातून त्यांचं नाकसुद्धा आत शिरलं नसतं. म्हणून बाहेर खोल पाण्यात नवा धक्का बांधायचा आणि कंटेनर ठेवायला गोदी भरून सपाट जागा करायची, असं ठरलं होतं. पण सासऱ्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडाने? जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेली ती, मास्तर आले की नकाशा गुंडाळून ठेवी. मास्तरही पाणी पिऊन निमूट परत जात. त्यांना जुन्या सोबत्यांनी दोन महिन्यांपूर्वीच सगळं सांगितलं होतं. झाकली मूठ दोघांचीही.

अडचण निघाली ती गोदी रिकामी केल्यावर. पंप लावून पाणी उपसलं, तर पुढच्याच भरतीला पुन्हा गुडघाभर पाणी. दरवाजे घट्ट, भिंतींना भेग नाही. पाणबुडे दरवाजांच्या बाहेरच्या बाजूने उतरले आणि हात हलवत परत आले.

"जुन्या नकाशांत काही म्हणजे काही नाही," सून फोनवर कोणाला तरी सांगत होती. "पाणी येतंय कुठून तेच कळत नाही."

बाल्कनीत पेपर वाचणाऱ्या मास्तरांना मात्र बरोबर कळलं होतं. नाळ! गोदीतला गाळ ओहोटीबरोबर वाहून जावा म्हणून गोदामाखालून खाडीपर्यंत नेलेलं विटांचं भुयार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते तुंबलं, आणि सगळ्यांत काटकुळे म्हणून कमरेला दोर बांधून मास्तरांनाच आत सोडलं. वर दोर धरून मुकादम बसलेला. दर मिनिटाला त्याची हाक यायची, "आहेस का रे?" आणि आतून हे ओरडायचे, "आहे!" पुढे नाळेच्या तोंडाला सागवानी फळ्या ठोकल्या आणि वरून गिलावा केला. त्या फळ्या आता गाळाखाली कुजल्या असणार.

मास्तरांनी पेपरची घडी घातली आणि चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं. म्हातारी गोदी सहजासहजी हार जात नव्हती तर! कागदावर रेघ मारली की संपलं, असं वाटलं होतं काय यांना? चार दिवस ते मनातल्या मनात तिची पाठ थोपटत राहिले.

पाचव्या दिवशी सून भर दुपारी घरी आली. बूट चिखलाने माखलेले, चेहरा पांढराफटक.

"दोन नंबरच्या गोदामात जमीन खचली," ती सासूला सांगू लागली. "एक वेल्डर छातीपर्यंत आत गेला. सोबत्यांनी ओढून काढला म्हणून वाचला. घोट्याचं हाड मोडलंय. दोन लहान मुली आहेत हो त्याला."

दारात उभ्या असलेल्या मास्तरांची कानशिलं तापली.

"ती नाळ आहे," ते म्हणाले, आणि मग उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळे झाले.

सुनेने ऐकून घेतलं. "बाबा, पाणी याच वाटेने येतंय हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

बायकोने कपाळावर हात मारला. "वा! सवतीपायी माणसाचा जीव घ्यायला निघाला होतात!"

सून रागाने दारापर्यंत गेली. मग मागे वळली. "मीही तुम्हाला काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायचं धाडसच झालं नाही. चला, बूट घाला."

गोदामात माणसांनी फळ्या टाकून वाट केली. मास्तरांनी खांब मोजले. "तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. नाळेत उतरायच्या भोकावर काळा दगड असेल." दगड निघाला. तो सरकवताच खालून चढत्या पाण्याची गुडगुड ऐकू आली. सुनेने सासऱ्यांच्या दंडाला घट्ट धरलं.

ओहोटी लागल्यावर ती त्यांना शिडीवरून गोदीत घेऊन गेली. बावीस वर्षं त्यांनी या गोदीचं पाणी पाहिलं होतं, तळ कधी पाहिला नव्हता. चिखलात फुटके कप होते, गंजलेले साखळदंड होते, कोणाचा तरी एकच बूट होता. आणि भिंतीला लागून एक सायकल. तिच्या कॅरियरला तांब्याची तार गुंडाळलेली होती, मास्तरांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेली. त्यांनी तारेवरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"काय झालं, बाबा?"

"ही चोरीला गेली होती. म्हणजे मी तसं म्हणत होतो. वजनकाट्यावरच्या कारकुनावर आळ घेतला. सात वर्षं त्याच्याशी बोललो नाही."

"आणि ते?"

"तो रोज नमस्कार करायचा."

कारकून दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको बंदरामागे दोन खोल्यांत राही. संध्याकाळी मास्तर तिच्याकडे गेले. एकट्याने जायचा धीर नव्हता म्हणून सुनेलाही जिना चढायला लावला.

"वहिनी, सायकल सापडली," ते उंबऱ्यातच म्हणाले. "गोदीत होती."

ती क्षणभर बघत राहिली आणि मग पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. "अहो, हे शेवटपर्यंत म्हणायचे, मास्तर जहाजाकडे बघत मागे मागे सरकतात, त्यांनीच ढकलली असणार पाण्यात. पण सांगायचं कोणी? डॉकमास्तर तुम्ही!"

मास्तरही हसायला गेले, पण त्यांना हसू काही आलं नाही. पाण्याचा पेला हातात धरून ते खाली मान घालून बसले.

इस्पितळात ते दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला वेल्डरला खरं काय ते सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्यांदा जायला मास्तरांचे पाय उचलले नाहीत.

नाळ काँक्रीट ओतून बंद झाली. गोदी भरायला सात महिने लागले. भरावाचे ट्रक जाताना घराच्या खिडक्या हलत, आणि मास्तर पेपरमधून डोकं वर काढत नसत.

एक दिवस सून म्हणाली, "जमिनीखाली अजून काय काय आहे, बाबा? आम्हाला काहीच माहीत नाही."

तेव्हापासून दर मंगळवारी ते तिच्या ऑफिसात जाऊ लागले. नकाशे काढणाऱ्या एक बाई समोर बसत आणि मास्तर सांगत जात: जुने पाये, पाण्याचे पाइप, बुजवलेली विहीर. एकदा सून दारात आली, तर ते खुर्ची सोडून टेबलावर ओणवे झाले होते.

"तसं नाही हो! पाइप इथे उजवीकडे वळतो. इथेच मोठ्या साहेबांनी मला पहिली शिवी दिली."

बाईंनी पेन्सिल थांबवली. "तेही लिहू का?"

"लिहा की," मास्तर म्हणाले. "आणि तारीखही घाला, सांगतो."