समरस्केलबाईंचा उखाणा

तेजस्वीच्या हळदीकुंकवाला आखातातल्या त्या जाब्रिया वस्तीतल्या मराठी बायका झाडून आल्या होत्या. तिच्या क्लिनिकमधली इंग्रज मेट्रनही आली होती, मिसेस समरस्केल. गोरीच्या कपाळी कुंकू लागलं मात्र, बायकांना चेवच चढला. "उखाणा घ्या! त्याशिवाय वाण नाही!" आता तिला उखाणा काय ठाऊक असणार, कप्पाळ!

यमक जुळवून नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, असं तेजस्वीने तिला समजावलं. बाई हसल्या. यमक काही जमायचं नाही म्हणाल्या, पण नवऱ्याच्या आडनावाची गोष्ट सांगते. त्यांच्याकडच्या जुन्या भाषेत स्केल म्हणजे झोपडी. उन्हाळ्यात मेंढरं डोंगरावर चरायला न्यायची, तेव्हा राहायला बांधायची ती समरस्केल. "आमचे पूर्वज मेंढपाळच असणार," हे बाईंनी अशा ऐटीत सांगितलं, की जणू ते राजेच होते!

तेजस्वीने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिचे वडील, आबा, अजून दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात पाल ठोकून राहतात. तिचा जन्मही असल्याच पालातला. इथे मात्र तिने वडील रिटायर्ड हेडमास्तर म्हणून सांगितलेलं. आणि नेमके यंदा आबा व्हिजिटवर आलेले. सकाळीच तिने त्यांची घोंगडी कपाटात कोंबली होती. "आबा, आतल्या खोलीतच बसा. कुणी विचारलंच तर हेडमास्तर होतो म्हणा." जन्मात शाळेची पायरी न चढलेले आबा नुसते "बरं" म्हणाले होते.

तेवढ्यात तिची लेक मुक्ता टाळ्या पिटत ओरडली, "लाइक आबा! आबा टेक्स हिज शीप टू कोकण!"

"मेंढरं?" शेजारची शीला म्हणाली. "तुझे वडील हेडमास्तर ना गं?"

नुसतं खरं सांगायचं होतं. बाईंनी तर वाटही करून दिली होती. पण मेले हात उगाच वाणं मांडायला लागले. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

आतल्या दारात आबा येऊन उभे राहिले. एकेक शब्द जपून म्हणाले, "हेडमास्तरच होतो मी. नातीला मेंढरांच्या गोष्टी सांगितल्या, तिला त्या खऱ्याच वाटल्या."

बायका हसल्या आणि तिळगुळाकडे वळल्या. मुक्ता मात्र आबांच्या तोंडाकडे बघतच राहिली. वाण देताना तेजस्वीची मान वर होईना.

सगळ्या गेल्यावर तिने कपाटातली घोंगडी काढली आणि आत गेली. आबा पलंगाच्या कडेला अवघडून बसले होते. तिला बघून घाईघाईने उठले.

"नीट बोललो न्हवं, पोरी? काय चुकलं न्हाय ना?"