पंपाला दिलेला शेक

मला नको तिथे चौकशा करायची खोड आहे, हे आधीच कबूल करतो. चाकणच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसाला खोकला कधीपासून हे विचारायचंच असतं, पण मी त्याला विहिरीला पाणी किती हातांवर लागलं आणि पिंपरीच्या नव्या कारखान्यात पाव्हण्यांचं जमलं का, हेही विचारतो. डॉक्टर चिडतात. चिडोत बापडे.

त्यामुळे रविवारी सकाळी दत्तोबा मिस्त्री दारात उभे राहून म्हणाले, "उद्धवराव, एकसारख्या चार बाटल्या हव्यात. डोसाच्या पट्ट्या लावलेल्या," तेव्हा मी नुसत्या बाटल्या देऊन घरी बसणं शक्यच नव्हतं.

"कुणाला औषध देताय?"

"पंपाला," दत्तोबा म्हणाले.

हा पंप लक्ष्मणरावांच्या लॉरीचा. लॉरी लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली. पेट्रोल फार पिते म्हणून लक्ष्मणरावांनी दत्तोबांकडून तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं. डिझेल इंजिनाचं सगळं काम पंपावर चालतं. तो प्रत्येक सिलिंडरला मोजून थेंब देतो, अगदी कंपाउंडरसारखा. थेंब चुकला की इंजिन बसलं.

आणि या लॉरीचा डायवर म्हणजे माझा पाठचा भाऊ ज्योतीराम. निदान तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत होता. चाकणचे कांदे मुंबईला उतरवून तो सिमेंट भरून परत येत होता. खोपोलीहून वर चढताना भर घाटात इंजिन बंद पडलं, गाडी मागे घसरली आणि कठड्याला अडकली. फळ्या मोडल्या, पोती फुटली. त्याहून वाईट पुढेच झालं. तासाभराने मागच्या लॉरीचा मिस्त्री आला, त्याने एकदा चालू करून पाहिली आणि गाडी मुकाट्याने सुरू झाली! मग लोक काय म्हणणार? डायवर डुलकी घेत होता. नाहीतर दारू घेतली होती. लक्ष्मणरावांनी चावी काढून घेतली. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं. मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होतो.

दत्तोबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर दोन पंप होते. एक मुंबईहून आणलेला, हिरव्या रंगाने चकचकीत. घाटात हाच गाडीवर होता. दुसरा ताडून बघायला देहूरोडच्या भंगारातून आणलेला, गंजका, बघवत नव्हता. लक्ष्मणराव टेबलाशी, आणि ज्योतीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

लक्ष्मणराव दत्तोबांना म्हणाले, "पंपात खोट निघाली तर मी याची माफी मागीन. न्हाई निघाली, तर दुसरा डायवर बघितलाय भोसरीचा. आनि पंपाचं हँडल मीच फिरवनार. माझा कुनावर इस्वास न्हाई."

दत्तोबांनी हिरवा पंप शिकंज्यात पकडला, चार नळ्यांच्या टोकांना सिलिंडरमध्ये डिझेल उडवणारे इंजिनाचेच फवारे लावले आणि प्रत्येकाखाली माझी एकेक बाटली ठेवली. लक्ष्मणरावांनी पाचशे फेरे मोजून फिरवले. फवारे चर्रचर्र वाजत होते. मी वाकून पाहिलं. चारही बाटल्यांत डिझेल पहिल्या डोसाच्या खुणेला बरोबर टेकलेलं. माझ्या हातूनसुद्धा इतकं सारखं पडत नाही.

मग गंजक्याची पाळी. तोही बरोबर, फक्त एका बाटलीत केसभर कमी.

"झालं!" लक्ष्मणरावांनी कपाळाचा घाम पुसला. "हिरव्यात काय बी खोट न्हाई. बघितलंस ना, ज्योत्या?"

दत्तोबा बाटल्या गोळा करू लागले. पण माझं डोकं भलतीकडेच लागलं होतं. तासाभराने गाडी आपोआप चालू झाली कशी? झोपेतून जागा व्हायला डायवरला तास लागत नाही. त्या तासात बदललं काय?

"दत्तोबा, हा पंप इंजिनाला चिकटूनच असतो ना? मग चढावर तापत असेल."

"तापतो की. हात लावला तर भाजेल."

"मग थंडगार पंप कशाला तपासताय? थंडीत एरंडेल बाटलीतून हलत नाही, आणि जरा शेकलं की पाण्यासारखं धावतं. डिझेलही गरम झालं की पातळ होत असेल. पंप आतून झिजला असेल तर ते बारीक फटीतून मागेच पळेल."

दत्तोबांनी हातातल्या बाटल्या पुन्हा खाली ठेवल्या. मी दवाखान्यातून सुया उकळायचं भांडं आणि टॉवेल आणले. डिझेलचा डबा गरम पाण्यात ठेवला आणि कंबर धरलेल्या म्हातारीला देतात तसा दोन्ही पंपांना शेक दिला, चांगला अर्धा तास. लक्ष्मणराव हसत होते. "आता पट्टी बी बांधा."

गरम गंजक्याने पाचशे फेऱ्यांत चारही बाटल्या जवळजवळ पहिल्याइतक्याच भरल्या. मग हिरवा. पहिल्या वीस-पंचवीस फेऱ्यांतच दोन फवारे गप्प झाले, नुसते ठिबकू लागले. पाचशेला त्या दोन बाटल्यांचा तळसुद्धा धड झाकला नव्हता. लक्ष्मणरावांचं हसणं थांबलं. त्यांनी स्वतःहून पुन्हा पाचशे फेरे फिरवले. पुन्हा तेच.

"म्हंजे थंड झाल्यावर गाडी चालू झाली ती यामुळं," ते हळू म्हणाले. खिशातली चावी काढून त्यांनी ज्योतीरामच्या हातात दिली. "माझं चुकलं, बाबा. दत्तोबा, गंजकाच बसवा. बुधवारी गाडी ज्योतीरामच नेईल."

मी भलताच खूश होतो. कोडं सुटलं होतं, तेही माझ्या बाटल्यांनी. टॉवेल पिळता पिळता मी ज्योतीरामला म्हणालो, "सुटलास लेका! आता सांग, घाटात नेमकं काय झालं होतं?"

त्याने चावी खिशात टाकली.

"दादा, तीन आठवडे तुझ्या शेजारी बसून जेवतोय मी. आन् तू हे आज इचारतोयस?"

सगळ्या चाकणला प्रश्न विचारत हिंडणारा मी, या एका माणसाला काही विचारावं असं मला वाटलं नव्हतं, कारण उत्तर मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांग की आता," मी म्हणालो.

"आता काय सांगू? बाटल्यांनी सांगितलं की सगळं." आणि तो गंजका पंप उचलून गाडीकडे गेला.