माळजाईचा दगड आणि बाबांचा चहा

लोणीच्या पूर्वेकडच्या आमच्या वस्तीवर माळजाई देवीचे ठाणे आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यापुढच्या कौलाच्या दगडाभोवती कोंबड्या दिवसभर दाणे टिपत आणि त्यांना काही होत नसे. मंगळवारी बैल मात्र त्या दगडाजवळ आणला की फुरफुरून मागे सरे. एक बैल तर तिथेच गुडघ्यांवर कोसळला.

ठाण्यावरच्या तेजनाथबाबांनी याचा उलगडा केला होता. "बैल म्हंजे साक्षात नंदी! त्याला आई दिसती. कोंबडीला काय दिसतंय? दाणं! तवा लेकरांनो, तुमी बैल व्हा!"

दोनअडीचशे माणसे बैल होण्यासाठी उन्हात रांग लावत.

कौल घेण्याची रीत ठरलेली होती. चपला लांब काढायच्या. बाबांचा चेला संपत पायांवर मिठाचे पाणी ओतायचा आणि दगडाभोवतीची जमीनही भिजवायचा. त्यानंतर बाबा हाळी देत, "संपत, आईचा चहा ठेव!" संपत खोपटातल्या विजेच्या शेगडीवर पातेले चढवी. मग माणूस दगडावर उभा राही. नवस फेडायला आलेल्याला बाबा म्हणत, "पाय जुळव, हात जोड." माळजाई शांत राही. ज्याच्याविरुद्ध कोणी तक्रार आणली असेल त्याला म्हणत, "एक पाय म्हागं घे आन खरं बोल." मग पिंढऱ्या आवळत, माणूस किंचाळे आणि त्याचे पाप सिद्ध होई. बाबा स्वतः शेजारी लाकडी खडावांवर उभे असत.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी या कौलाला माझ्या आईला उभे केले. शेजारच्या सयाजीची म्हैस आटली होती आणि ती चिमाबाईने, म्हणजे माझ्या आईने, करणी करून आटवली, अशी त्याची तक्रार होती. आईने एक पाय मागे घेतला आणि ती ओरडून पडली. सयाजी सर्वांत आधी हसला. "धरली! आईनं धरली चेटकिणीला!" पुढच्या मंगळवारपर्यंत चिमाबाईने वस्ती सोडावी, असे तिथल्या तिथे ठरले. रात्री मी तिचे पाय चोळत असताना ती मला एवढेच म्हणाली, "समृद्धी, मी काय केलं न्हाई गं. पर पायाला लई जोरात धरलं. मग खरंच माज्या हातनं काय झालं असंल का?"

वस्तीचा निर्णय मी कदाचित विसरले असते. आईच्या तोंडचा हा प्रश्न मी विसरणार नव्हते.

मी तेव्हा विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन तालुक्यातल्या एका उपकेंद्रात शिकाऊ उमेदवार होते. काम शिकवायला गेणभाऊ नावाचे जुने लाइनमन होते. त्याच आठवड्यात गुरुवारी वाऱ्याने एक तार तुटून ओल्या शेतात पडली. मी तारेकडे निघाले तोच ते गरजले.

"थांब! ढांग टाकू नगंस! पाय जुळव!"

मी जागीच पाय जुळवले.

"आता तशीच उड्या मारत म्हागं ये. बेडकागत. लाजू नगंस, राव, इथं लाजलेली माणसं खांद्यावरनं गेल्यात."

लाइन बंद झाल्यावर त्यांनी कारण सांगितले. तारेतली वीज जमिनीत उतरते तिथे विद्युतदाब सर्वाधिक असतो आणि लांब जावे तसा तो उतरतो. एक पाय पुढे, एक मागे असला तर दोन पायांखाली दोन वेगळे दाब येतात आणि त्या फरकाने वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. पाय जुळलेले असले तर फरक नगण्य. "म्हून तर तार पडली की ढोरं आधी मरत्यात," गेणभाऊ म्हणाले. "त्यांचं पुढचं पाय कुठं आन मागचं कुठं! कोंबडीला काय हुतंय?"

मी त्यांना कोंबडीविषयी काहीच विचारले नव्हते.

शनिवारी मी प्रसादाच्या निमित्ताने खोपटात डोकावून आले. शेगडीला खांबावरून एकच तार आली होती. दुसरी तार मातीत शिरली होती. यात लपवाछपवी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. आमच्याकडे मोटारीच्या खोपटात बल्ब लावायचा तर आकडा टाकून एक तार घेतात आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या पाइपाला बांधतात. उन्हाळ्यात बल्ब मंदावला की त्या पाइपाला पाणी घालतात. घरोघरी हेच चालत असल्याने मातीत जाणारी तार पाहून कोणालाही काही वाटले नव्हते. मलाही, शनिवारपर्यंत.

बाबांचे ढोंग दोन वाक्यांत सांगता आले असते. मला ते सांगायचे नव्हते. ज्या रांगेने आईला पडताना पाहिले, त्याच रांगेने बाबांना पाहावे, एवढीच माझी इच्छा होती.

मंगळवारी, वस्ती सोडण्याआधी पुन्हा एकदा कौल मागून, आई दगडावर चढली. पाण्याने पाय भिजले, चहा चढला. मी सांगितल्याप्रमाणे तिने पाय जुळवले.

"एक पाय म्हागं घे," बाबा म्हणाले.

"का वो बाबा?" आईने शांतपणे विचारले. "जुळल्या पायाचं पाप आईला दिसत न्हाई व्हय?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसले. आई दोन्ही पायांनी उडी मारत बाहेर आली आणि थेट खोपटात जाऊन शेगडीपाशी बसली. तिने संपतला दरडावले, "शेगडी बंद करायची न्हाई, चहा उतरवायचा न्हाई. आईचा हाय."

मग मी सयाजीकाकांना बोलावले. "काका, तुम्ही तर निष्पाप. एक पाय मागे घ्या."

ते ऐटीत चढले. एक पाय मागे घेतला आणि अशी बोंब ठोकली की कोंबड्या उडाल्या. ती बोंब मला आवडली. हे लपवण्यात अर्थ नाही.

"आता बाबा," मी म्हणाले. "खडावा काढून."

"म्या जोगी माणूस, मला कसली परीक्षा?"

"चढा की, महाराज!" रांगेतून एक म्हातारा ओरडला. त्याच्या सुनेला गेल्या महिन्यात दगडाने धरले होते. चपला घातलेल्या दोघांनी बाबांना उचलून दगडावर ठेवले, खडावा बाहेर राहिल्या, आणि सयाजीने, हो, सयाजीनेच, मिठाच्या पाण्याची अख्खी घागर त्यांच्या पायांवर रिती केली.

बाबांनी चटकन पाय जुळवले.

त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. अडीचशे माणसे त्या जुळलेल्या पायांकडे पाहत होती.

"चाला, बाबा," मी म्हणाले. "फक्त एक पाऊल."

"संपत! चहा उतरव!"

"उकळतोय अजून!" खोपटातून आईचा आवाज आला. "तुमी या सावकाश, चालत."

बाबा चालले नाहीत. भगवी लुंगी गुडघ्यांवर धरून, दोन्ही पाय घट्ट जुळवून, ते उड्या मारत ओल्या जमिनीतून बाहेर आले. बरोबर सहा उड्या. गेणभाऊंच्या तालमीतला बेडूक याहून सफाईने उडला नसता.

दुसऱ्या दिवशी तार उतरवून गेणभाऊंनी दगड हलवला. वस्ती सोडायची वेळ बाबांवर आली होती आणि ती त्यांनी रात्रीच साधली होती. सयाजीने आईची माफी मागितली. आईने ती ऐकून घेतली आणि म्हशीच्या डॉक्टराचा पत्ता दिला. माझे मागणे एवढेच आहे: कोणी पाप शोधायला निघाला तर आधी त्याच्या पायांत काय आहे ते पाहावे, आणि त्याने आपल्याला कसे उभे केले तेही पाहावे.

दगडाखाली चार फुटांचा लोखंडी पाइप ठोकलेला होता. शेगडीची दुसरी तार त्याला बांधलेली होती. शेगडी चालू असेपर्यंत तिची वीज त्या पाइपातून जमिनीत पसरे आणि ओल्या जमिनीवर एका पावलाच्या अंतरात, तार उतरवण्याआधी मीटरने मोजला तसा, पन्नास व्होल्टचा फरक पडे. कोंबडीच्या दोन पायांत तो जाणवत नसे, बैलाच्या पायांत जाणवे. माझ्या आईला ज्याने पाडले, तो बाबांच्या चहाखालचा विस्तव होता.